पोलराइज्ड प्रकाशावरून धुराच्या-धुळीच्या थराची उंची कशी काढतात, आणि त्या आकड्यावर कितपत विसंबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलरीमीटर (प्रकाश किती पोलराइज्ड आहे, म्हणजे त्याच्या लहरी कितपत एकाच दिशेत कंप पावतात, ते मोजणारं उपकरण) स्वतः लेसर वगैरे काही सोडत नाही, सूर्याचा परत आलेला प्रकाश तेवढा बघतो. वरून खाली बघणाऱ्याला सगळे थर एकावर एकच दिसणार, मग धूर दोन किलोमीटरवर आहे की सहावर हे त्याला कळतं कसं? आणि लायडार (लेसरची पल्स सोडून तिचा परत आलेला प्रकाश मोजणारं उपकरण) असताना या वाटेला जायचंच कशाला? मी याच प्रकारच्या रिट्रीव्हलवर (मोजलेल्या प्रकाशावरून थराचे गुण काढायच्या हिशोबावर) बरीच वर्षं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण यात एक गोष्ट नीट समजली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडत जातं.

ती गोष्ट म्हणजे, पोलरीमीटर कणांची उंची थेट मोजतच नाही. कणांच्या वर किती स्वच्छ हवा उरली आहे ते तो मोजतो. उंचीचा आकडा त्यावरून काढलेला असतो.

आता हवा कशी मोजतात ते बघू. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात, यालाच रेले स्कॅटरिंग म्हणतात. त्याचे दोन गुण आपल्या कामाचे. एक, सूर्याच्या दिशेशी काटकोनात विखुरलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण पोलराइज होतो (एकदाच विखुरलेला असेल तर ९४ टक्क्यांच्या आसपास, शंभर नाही कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू गोल नसतात). दोन, हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे निळ्यात भरपूर आणि इन्फ्रारेडमध्ये नगण्य. समुद्रसपाटीपासून वरच्या अख्ख्या वातावरणाची रेले ऑप्टिकल डेप्थ (प्रकाश वाटेत किती अडतो याचं माप) ४१० नॅनोमीटरला साधारण ०.३२, ४९० ला ०.१६ आणि ८६५ ला फक्त ०.०१५ च्या आसपास. आणि मुख्य म्हणजे हे आकडे आपल्याला आधीच माहीत असतात, हवेचा दाब कळला की झालं. वातावरणातल्या बाकी सगळ्या गोष्टी बदलत राहतात, कण बदलतात, जमीन बदलते, ढग बदलतात, पण एका ठराविक दाबाच्या वर किती रेणू आहेत हे बदलत नाही. म्हणून मोजायला हीच सगळ्यात भरवशाची वस्तू.

आता या हवेत मध्येच धुराचा एक थर आला असं समजा. अर्धपारदर्शक पडदा लावल्यासारखं होतं. पडद्याच्या वरच्या हवेतून येणारा पोलराइज्ड प्रकाश सरळ सॅटेलाइटपर्यंत पोचतो, त्याला कोणी अडवत नाही. खालच्या हवेतल्या रेणूंपर्यंत मात्र सूर्यप्रकाशाला पडद्यातून खाली जावं लागतं आणि विखुरल्यावर परत पडद्यातूनच वर यावं लागतं, म्हणजे दोनदा मार. थर खाली असेल तर बहुतेक हवा त्याच्या वर असते आणि पोलरायझेशनचा सिग्नल भरपूर येतो, थर वर गेला की बरीचशी हवा पडद्याआड जाते आणि निळ्यातला सिग्नल पडतो. बस, एवढंच तत्त्व आहे.

हे आकड्यात करून बघितल्याशिवाय पटत नाही म्हणून एक हिशोब मांडतो. सूर्य माथ्यापासून ४० अंशावर, आपण दुसऱ्या बाजूने ५० अंशातून बघतोय, दोन्ही एकाच प्रतलात, म्हणजे स्कॅटरिंग अँगल (प्रकाश आपल्या मूळ दिशेपासून किती वळला तो कोन) बरोबर ९० अंश. हवेची घनता साधारण ८ किलोमीटरच्या स्केल हाइटने (तेवढं वर गेलं की साधारण ३७ टक्के उरते) कमी होते असं धरलं तर १ किलोमीटरच्या वर ८८ टक्के हवा उरते आणि ५ किलोमीटरच्या वर साधारण ५४ टक्के. ४१० नॅनोमीटरला थराच्या वरची रेले ऑप्टिकल डेप्थ अनुक्रमे ०.२८ आणि ०.१७ येते. एकदाच विखुरणाऱ्या प्रकाशाचं साधं सूत्र लावलं तर या वरच्या हवेचं पोलराइज्ड रिफ्लेक्टन्स (आलेल्या सूर्यप्रकाशापैकी पोलराइज्ड होऊन परत गेलेला वाटा) थर १ किलोमीटरवर असताना सुमारे ०.०७० आणि ५ किलोमीटरवर असताना सुमारे ०.०४९ मिळतं. आता खालच्या हवेकडून काय येतं ते बघा. धुराची ऑप्टिकल डेप्थ ०.६ असेल तर या तिरप्या वाटेने जाऊन-येऊन थेट प्रकाश फक्त १८ टक्के वाचतो. प्रत्यक्षात थोडा जास्त वाचतो कारण कण बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेला ढकलतात, म्हणजे तो वाट सोडत नाही. ते सगळं धरूनसुद्धा दोन उंचींमधला फरक ०.०१३ ते ०.०१७ च्या घरात राहतो. एकूण रिफ्लेक्टन्स ०.२ च्या आसपास असेल तर पोलरायझेशनच्या प्रमाणात (एकूण प्रकाशात पोलराइज्ड किती) हा ६ ते ८ टक्क्यांचा फरक झाला. चांगला पोलरीमीटर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत मोजतो. म्हणजे नुसत्या उपकरणाच्या अचूकतेकडे बघितलं तर तीन-चारशे मीटरपर्यंत उंची सांगता यायला हवी.

हाच हिशोब ८६५ ला केला तर वरच्या हवेचे आकडे ०.००५ आणि ०.००३ असे येतात, म्हणजे फरक जवळजवळ दिसतच नाही. पण हीच गोष्ट आपल्या फायद्याची ठरते. ८६५ ला हवा मध्ये येत नाही म्हणून तिथे कण कसे आहेत ते कळतं, किती आहेत, केवढे आहेत, त्यांचा अपवर्तनांक काय. ते कळलं की हेच कण ४१० ला कसे दिसायला हवेत याचा अंदाज बांधता येतो आणि मग निळ्यात जे कमी-जास्त उरतं ते उंचीचं. सगळी रिट्रीव्हल्स आतून हेच करतात, फक्त सगळ्या तरंगलांब्या आणि सगळे कोन एकदम घेऊन करतात.

ही कल्पना नवीन नाही बरं का, आणि पहिल्यांदा ती गाजली ती पृथ्वीवर नाहीच. १९७४ मध्ये हॅन्सन आणि होव्हेनियर यांनी जमिनीवरच्या दुर्बिणींतून घेतलेल्या शुक्राच्या पोलरायझेशनचं विश्लेषण केलं. त्यातून शुक्राच्या ढगांतले थेंब साधारण १ मायक्रॉन त्रिज्येचे, अपवर्तनांक १.४४, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे, हे निघालं. पण त्याच कामात कमी तरंगलांबीला रेलेचा वाटा किती मिसळलाय त्यावरून ढगांचा माथा सुमारे ५० मिलिबार दाबाच्या पातळीला आहे हेही निघालं होतं. कोट्यवधी किलोमीटरवरून एका ठिपक्याकडे बघून! मला अजूनही हे या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं, आणि आपण आज धुराच्या थरासाठी जे करतो ते तत्त्वतः तेच आहे.

इथे कोणी विचारेल की निळ्यातली नुसती चमक का नाही वापरायची, पोलरायझेशनच कशाला. कारण नुसत्या चमकेत कण हवेचा जेवढा प्रकाश झाकतात तेवढाच, किंबहुना जास्त, स्वतः परत पाठवतात. झाकलेलं आणि भरून आलेलं एकमेकांत मिसळतं आणि उंचीची खूण पुसट होते. कण प्रकाश शोषणारे असतील, धूर किंवा काही प्रकारची धूळ, तर अल्ट्राव्हायोलेटमधल्या चमकेत उंचीचा परिणाम दिसतो, पण तिथे उंच आणि कमी शोषणारा थर नेमका खालच्या आणि जास्त शोषणाऱ्या थरासारखा दिसतो, दोघांना वेगळं करता येत नाही. पोलराइज्ड प्रकाशात हे खूप सुटसुटीत होतं, कारण कणांमध्ये पुन्हापुन्हा विखुरलेला प्रकाश आपलं पोलरायझेशन गमावून बसतो आणि धुळीसारखे मोठे कण बाजूच्या कोनांना फारसं पोलराइज करतच नाहीत. म्हणजे कणांनी झाकलं ते झाकलं, वरून भरून काढत नाहीत.

जमिनीचंही तसंच. चमकेत जमिनीचा रंग सगळा घोळ घालतो, पण जमिनीवरून येणारा पोलराइज्ड प्रकाश पानांच्या आणि मातीच्या वरच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला असतो, रंगद्रव्यांपर्यंत तो आत जातच नाही, त्यामुळे तो सगळ्या तरंगलांब्यांना जवळपास सारखाच असतो. २२०० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे हवा आणि बारीक कण दोन्ही जवळजवळ गायब असतात, तिथे जमिनीचं पोलरायझेशन मोजा आणि तेच ४१० ला वापरा, बऱ्यापैकी चालतं. ज्या उपकरणात तो लांबचा चॅनल आहे त्याला जमिनीवर हा मोठाच आधार असतो.

आता अडचणी. इथे जरा थांबून लिहितो कारण डेटा वापरणारे बहुतेक लोक हा भाग वाचत नाहीत आणि मग आकडे चुकीचे का आले म्हणून विचारतात.

सगळ्यात पहिली अट म्हणजे थरात दम पाहिजे. पडदाच जर विरळ असेल, निळ्यातली ऑप्टिकल डेप्थ ०.१ वगैरे, तर खालच्या हवेचा प्रकाश जवळजवळ सगळाच वर येतो, मग थर कुठेही असला तरी सिग्नल तोच. अशा वेळी अल्गोरिदम तुम्हाला उंची देतो, नाही असं नाही, पण ती बहुतांशी त्याने आधी धरलेली उंची असते. माझा स्वतःचा नियम असा की निळ्यात ०.३ च्या खाली असेल तर उंचीच्या कॉलमकडे बघायचंच नाही, बाकीचे कॉलम वापरायचे. धूर आणि राखेला हे जरा खालपर्यंत चालतं कारण ते प्रकाश खरोखर गिळतात, पुढे ढकलत नाहीत.

दुसरी गोष्ट कोन. रेलेचा जोर ९० अंशाच्या आसपास असतो, साधारण ८० ते ११० अंशात काहीतरी दृश्य मिळालं पाहिजे. आता समुद्रावर गंमत बघा, वरच्या हिशोबात मी सूर्य ४० आणि नजर ५० अंश घेतली होती, पण समुद्रावर सूर्याचं थेट प्रतिबिंब ४० अंशालाच दिसतं, म्हणजे आपली दिशा त्या चमचमाटाच्या मधोमध गेली. पाण्याचं परावर्तन त्या कोनांना स्वतःच जबरदस्त पोलराइज्ड असतं (ब्रूस्टर अँगल ५३ अंश), त्यामुळे ते दृश्य बाद करावं लागतं किंवा वाऱ्याचा वेग रिट्रीव्हलमध्येच घेऊन सोडवावं लागतं. मुख्य प्रतलाच्या, म्हणजे सूर्य आणि माथा ज्यात येतात त्याच्या, बाहेर गेलं तर चमचमाट टळतो, पण तेच दोन कोन काटकोनातल्या प्रतलात घेतले तर स्कॅटरिंग अँगल १२० पर्यंत जातो आणि रेलेचा जोर कमी होतो. सूर्य डोक्यावर असेल तर अजून वाईट, तेव्हा कितीही तिरपं बघितलं तरी ११०-१२० च्या खाली येणं अवघड. म्हणून दुपारी जाणाऱ्या सॅटेलाइटला विषुववृत्ताजवळ उंची कमी खात्रीने मिळते आणि जरा वरच्या अक्षांशांवर जास्त खात्रीने. उपकरण तेच, अल्गोरिदम तोच, तरीसुद्धा.

तिसरी अडचण सगळ्यात नाजूक आहे. बारीक कण स्वतःसुद्धा पोलराइज करतात, आणि ९० ते १०० अंशाच्या आसपासच करतात, म्हणजे रेले जिथे तिथेच. ताज्या धुराचे कण ८६५ ला चांगलेच पोलराइज करतात, ४१० ला त्यापेक्षा बरेच कमी. किती कमी, हे त्यांच्या आकारावर आणि अपवर्तनांकावर अवलंबून. तिथला तुमचा अंदाज जर थोडा इकडेतिकडे झाला तर तो सगळा फरक उंचीच्या खात्यात जमा होतो. निळ्यात कण जास्त पोलराइज करतील असं मॉडेलने धरलं आणि प्रत्यक्षात ते कमी करत असतील तर कमी आलेला सिग्नल बघून मॉडेल म्हणतं की हवा झाकली गेलीय, थर वर आहे. ही चूक नॉइजसारखी इकडून तिकडे नसते, एकाच दिशेला असते, आणि शेकडो पिक्सेलची सरासरी घेऊनही जात नाही. यावर उपाय एकच, कोन भरपूर पाहिजेत. पोलरायझेशन कोनानुसार कसं वर-खाली होतं त्याच्या आकारात कणांची ओळख असते, आणि एकदोन कोनांत तो आकार दिसत नाही.

बाकी किरकोळ म्हणाव्या अशा पण त्रास देणाऱ्या गोष्टी: पातळ सिरस ढग, जो डोळ्याला दिसत नाही पण सगळ्यात वर बसून हवा झाकतो आणि उंची उगाच वाढवतो, त्याच्यासाठी १३८० किंवा १८८० नॅनोमीटरच्या चॅनलमध्ये बघून घ्यावं. रेडिएटिव्ह ट्रान्सफर (वातावरणातून प्रकाश कसा जातो त्याचा हिशोब) व्हेक्टरच, म्हणजे पोलरायझेशन धरूनच हवा, नुसती चमक मोजणाऱ्या स्केलर कोडने पोलरायझेशन तर मिळतच नाही आणि निळ्यातली चमकसुद्धा काही टक्क्यांनी चुकते. आणि जे स्वतः कोड लिहितात त्यांच्यासाठी एक, शक्यतो पोलरायझेशनचं प्रमाण फिट करू नका, स्कॅटरिंग प्रतलात फिरवून घेतलेला क्यू घटक (क्यू आणि यू हे पोलरायझेशन किती आणि कुठल्या दिशेत ते सांगणारे दोन आकडे) चिन्हासकट फिट करा. क्यू आणि यू चे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घेतलं की नॉइजसुद्धा नेहमी धन होतो, आणि सिग्नल कमी असेल तिथे पोलरायझेशन आहे त्यापेक्षा जास्त दिसायला लागतं.

आता आकडा मिळाला, त्याचा अर्थ काय? इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बहुतेक अल्गोरिदम असं धरतात की कण एका घंटेच्या आकाराच्या वाटणीत आहेत, तिची जाडी आधीच ठरवून दिलेली, साधारण एक-दोन किलोमीटर, आणि फक्त मधला बिंदू शोधायचा. म्हणजे जो आकडा येतो तो एक्स्टिंक्शनच्या (कण प्रकाश किती अडवतात त्याच्या) सरासरी उंचीच्या जवळचा असतो. तो थराचा माथा नव्हे आणि तळही नव्हे. विमानांच्या दृष्टीने राखेचा माथा हवा असेल तर हा आकडा थेट वापरू नका.

दोन थर असतील तर बघा काय होतं. खाली समुद्री हवेचा थर, अर्ध्या किलोमीटरवर, ऑप्टिकल डेप्थ ०.१. वर वाळवंटातून आलेली धूळ ४ किलोमीटरवर, ऑप्टिकल डेप्थ ०.२. वजनी सरासरी काढली तर २.८ किलोमीटर. आणि २.८ किलोमीटरवर प्रत्यक्षात काहीच नाहीये, तिथे स्वच्छ हवा आहे! आकडा चूक नाही, पण तो वाचून तिथे धूळ आहे असं म्हणणं चूक. बारीक आणि मोठ्या कणांची उंची वेगवेगळी काढणारी रिट्रीव्हल्स आहेत, आणि खाली मीठ वर धूर अशा परिस्थितीत ती खरंच उपयोगी पडतात, पण दोन्ही थरांत एकाच प्रकारचे कण असतील तर तिथेही मार्ग नाही.

अजून एक, पोलरीमीटरला मुळात किलोमीटर कळत नाहीत, दाब कळतो. ५ किलोमीटर म्हणजे साधारण ५४० हेक्टोपास्कल, पण थंड आणि उबदार हवेत हे नातं बदलतं, म्हणून हवामान मॉडेलची त्या दिवसाची प्रोफाइल वापरून बदल केलेला असतो. डोंगराळ भागात उंची समुद्रसपाटीपासून दिलीय की जमिनीपासून, हे फाइलच्या वर्णनात एकदा बघून घेतलेलं बरं.

लायडार असताना हे कशाला, त्याचं उत्तर. उंचीच्या बाबतीत लायडारला तोड नाही, त्यात वादच नाही. पल्स सोडली, परत यायला किती वेळ लागला ते मोजलं, १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर, यात कुठलं मॉडेल नाही की अंदाज नाही. शिवाय लायडारमध्येही पोलरायझेशन आहेच, पण ते वेगळ्या कामाला: सोडलेला प्रकाश एका दिशेत पोलराइज्ड असतो, गोल थेंबावरून तो तसाच परत येतो, वेड्यावाकड्या धुळीच्या कणावरून येताना काही भाग दुसऱ्या दिशेत जातो. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे डीपोलरायझेशन रेशो, ५३२ नॅनोमीटरला वाळवंटी धुळीचा ०.३ च्या आसपास, ओल्या समुद्री मिठाचा अगदी थोडा. म्हणजे उंची वेळेवरून आणि कणांचा प्रकार पोलरायझेशनवरून. बऱ्याच जणांची इथे गल्लत होते, दोन्हीकडे पोलरायझेशन म्हटलं की एकच पद्धत वाटते, पण पोलरीमीटरमध्ये पोलरायझेशन उंचीसाठी वापरलं जातं आणि लायडारमध्ये ओळखीसाठी.

लायडारची अडचण रुंदीची आहे. कॅलिप्सो सॅटेलाइट २००६ ते २०२३ चालला, त्याच्या लेसरचा जमिनीवरचा ठिपका शंभर मीटरपेक्षाही लहान होता आणि सोळा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेवर यायचा. विषुववृत्तावर शेजारच्या दोन वाटांमध्ये पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मधल्या जागेत वणवा लागला तर लायडारला त्याचा पत्ताच नाही. पोलरीमीटर पट्टाच्या पट्टा बघतो, म्हणून धुराचा लोट वर कुठे चढतोय आणि कुठे उतरतोय याचा नकाशा तोच देऊ शकतो, जरी प्रत्येक बिंदूला अचूकता कमी असली तरी.

उपकरणांचं थोडक्यात. सॅटेलाइटवरच्या पोलरीमीटरची सुरुवात पोल्डर मालिकेने केली, तिचं तिसरं उपकरण पॅरासोल सॅटेलाइटवर २००४ च्या शेवटी गेलं आणि २०१३ पर्यंत चाललं, पण त्यातला सगळ्यात निळा पोलराइज्ड चॅनल ४९० चा होता, जिथे रेले ४१० च्या निम्मंच, त्यामुळे उंचीची माहिती होती पण क्षीण. ४१० ला पोलरायझेशन मोजणारं एक उपकरण ग्लोरी सॅटेलाइटवर होतं, ते मार्च २०११ मध्ये प्रक्षेपणातच गेलं, आणि त्याने हे क्षेत्र बरंच मागे पडलं याचं वाईट अजून वाटतं. मधल्या काळात विमानावरच्या आरएसपी या उपकरणाने, त्यात ४१० चा चॅनल आणि दीडशेच्या आसपास कोन आहेत, ही पद्धत खरंच चालते हे लायडारशी ताडून दाखवलं. २०१७ मध्ये एसीपोल मोहिमेत नासाच्या ईआर-२ विमानावर चार पोलरीमीटर आणि दोन लायडार एकत्र उडवले, आजच्या बऱ्याच अल्गोरिदमची परीक्षा त्याच डेटावर झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या पेस सॅटेलाइटवर दोन पोलरीमीटर आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे. स्पेक्सवन ३८५ नॅनोमीटरपासून सलग स्पेक्ट्रम मोजतो, तिथे रेले ०.४ च्या वर आहे, आणि पोलरायझेशनचं प्रमाण ०.००३ पर्यंत अचूक मोजण्यासाठी तो बनवलाय, पण कोन फक्त पाच आणि पट्टा १०० किलोमीटरचा. हार्प२ चा पट्टा पंधराशे किलोमीटरच्या वर, कोन ६७० ला साठ आणि बाकी चॅनलना दहा, पण सगळ्यात निळा चॅनल ४४० चा आणि अचूकता स्पेक्सवनपेक्षा कमी. उंचीसाठी मला विचाराल तर जिथे स्पेक्सवन आहे तिथे तोच, आणि नकाशा हवा असेल तिथे हार्प२. ऑगस्ट २०२५ मध्ये गेलेल्या मेटॉप-एसजी-ए१ वर थ्रीएमआय आहे, ४१० पासून २१३० पर्यंत पोलराइज्ड चॅनल, चौदा कोन आणि रुंद पट्टा, म्हणजे निळा, लांबचा इन्फ्रारेड आणि सिरसवाला चॅनल तिन्ही एकाच उपकरणात. उंचीच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त आशा त्याच्याकडून आहे.

दुसरे दोन मार्गही आहेत, ते नुसते सांगून ठेवतो. ऑक्सिजनचा ए-बँड, ७६० नॅनोमीटरच्या आसपास, थर खाली असेल तर प्रकाशाला जास्त ऑक्सिजनमधून जावं लागतं आणि शोषण वाढतं. ट्रोपोमी हे सॅटेलाइटवरचं उपकरण हेच वापरतं, समुद्रावर छान चालतं पण उजळ जमिनीवर उंची खाली ओढली जाते कारण हिरवळ तिथे खूप चमकते. दुसरा स्टीरिओ, मिसर या सॅटेलाइटवरच्या उपकरणाचे नऊ कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून तोच लोट बघतात आणि सरकण्यावरून उंची काढतात, यात कणांबद्दल काही गृहीत धरावं लागत नाही, पण लोटाला कडा-वळ्या पाहिजेत, पसरून सपाट झालेल्या धुरात पकडायला काही मिळत नाही. नेमका असा पसरलेला, जुना धूर पोलरीमीटरला सगळ्यात चांगला जमतो, म्हणून हे मार्ग एकमेकांचे पूरक आहेत.

शेवटी हा डेटा वापरणाऱ्यांच्या कामाचं. वणव्याच्या धुरासाठी उंची वापरायची असेल तर आधी निळ्यातली ऑप्टिकल डेप्थ बघा, मग फिटचा काय-स्क्वेअर (मॉडेल मोजमापाशी किती जुळलं त्याचा आकडा), मग त्या पिक्सेलला सगळ्यात लहान स्कॅटरिंग अँगल किती मिळाला ते. तो ११५ च्या वर असेल तर दिलेली अनिश्चितता दुपटीने वाढवूनच वापरा असं मी सांगेन. अनिश्चितता अर्धा किलोमीटर लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात एक किलोमीटर धरून निष्कर्ष टिकतोय का बघा, टिकत नसेल तर तो निष्कर्ष या डेटातून काढू नका. दिलेल्या अनिश्चिततेत कणांच्या मॉडेलची चूक सहसा धरलेली नसते.

आणि पडताळणीसाठी अर्थकेअर सॅटेलाइट घ्या, मे २०२४ मध्ये गेलाय, त्यावरचा ॲटलिड लायडार ३५५ नॅनोमीटरला हवेचा आणि कणांचा प्रकाश वेगळा करतो, त्यामुळे एक्स्टिंक्शन थेट मिळतं. लायडारच्या प्रोफाइलमधून थराचा माथा घेऊन तुलना करू नका, एक्स्टिंक्शनने वजन दिलेली सरासरी उंची काढा आणि ती पोलरीमीटरच्या आकड्याशी ताडा. पेस दुपारी एकच्या सुमारास जातो आणि अर्थकेअर दोनच्या. थराच्या पातळीला वारा सेकंदाला १० मीटर असेल तर एका तासात धूर ३६ किलोमीटर सरकलेला असतो. म्हणून तोच पिक्सेल शोधत बसू नका, त्या उंचीचा वारा घेऊन पेसचे पिक्सेल तासाभराने पुढे सरकवा आणि तिथल्या वीस-तीस किलोमीटरच्या तुकड्याची सरासरी लायडारशी जोडा.